पुन्हा एकदा, सावकाश

वडिलांना, आबांना, जाऊन महिना झाला, तेव्हा अमृत शिरवळच्या कारखान्यातून सुट्टी काढून म्हसवडजवळच्या आपल्या गावी आला. काम साधंच होतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत आबांची मेंढरं माळावर न्यायची आणि दिवस मावळायच्या आत घरामागं कोंडायची.

पण मेंढरं त्याच्या हाकेला येईनात.

"गड्या, इंग्रजी झाडतोयस काय त्यांच्यापुढं?" शेजारचा गुंडा हसला. "आबाची हाक घाल की!"

तीच तर येत नव्हती. जिभेवर घोळवलेली लांब हुर्र्र, आणि शेवटी एक बारीक झटका. आबांनी ती कधी समजावून सांगितली नाही. पोरगा चुकला की ते फक्त पुन्हा एकदा, सावकाश, हाक घालायचे. अमृत तेव्हा मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी सांज झाली तरी मेंढरं टेकाडावरच. त्यानं हाक घातली. चुकली. एकाएकी वारा पडला. महिनाभर पाऊस नव्हता, तरी ओल्या लोकरीचा वास आला, आणि टेकाडापलीकडून आबांची हाक आली... पुन्हा एकदा, सावकाश.

अमृतचे डोळे भरून आले. तो ऐकत गेला, तशीच घालत गेला. चौथ्या खेपेला झटका बरोबर बसला. मेंढरं धावत खाली आली. पलीकडं मात्र सगळं गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हाक बरोबर घातली. उत्तर आलं नाही. मग मुद्दाम चुकवली. आलं!

त्यानंतर तो रोज चुकू लागला. "आवं आबा, घरी चला की..." म्हणून विनवू लागला. सुट्टी संपली तरी गेला नाही. टेकाड उतरताना घराकडं तोंड करून ओरडायचा, "आये, आलो गं! दार उघड!" आबांची हाक रोज थोडी जवळून यायची.

एका संध्याकाळी तो लवकर परतला. दाराला कडी घालून आई, हरणाबाई, चुलीपुढं त्याचा हात हातात घेऊन बसली होती.

"लय वाळलास रं," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. अमृतचाच.

"आये... आलं गं... दार उगड..."

जरासा चुकलेला. मग पुन्हा एकदा, सावकाश.

इतके दिवस तिकडूनही कुणीतरी ऐकत होतं...

तिसऱ्या खेपेला हाक अगदी बरोबर आली. घरामागं मेंढरं उठून उभी राहिली. दाराच्या फटीतून ओल्या लोकरीचा वास आत आला.

"आले रं लेकरा, आले," हरणाबाई म्हणाली, आणि अमृतच्या हातातून आपला हात सोडवून कडी काढायला उठली.