मिठाची जागा

मिरजेच्या दाबविज्ञान संस्थेतली चाचणीची खोली डॉ. कुमुद पाटणकरांना पाठ होती. भिंतींचा फिकट निळा रंग त्यांनीच निवडला होता, खुर्चीची उंचीही त्यांनीच ठरवली होती. त्या खुर्चीत स्वतः बसायची वेळ मात्र आज, पंचाहत्तरी उलटल्यावर आली होती.

"बाई, हात सैल सोडा."

"मला शिकवतोस?"

"सवय झालीय. तुम्हीच लावलेली," अस्लम म्हणाला.

डॉ. अस्लम मुजावर एकेकाळी त्यांचा विद्यार्थी होता. आता तो संस्थेचा प्रमुख झाला होता आणि टक्कलही चांगलं पडलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी त्या त्याच्या खोलीत आल्या होत्या, आणि चहा येण्याआधीच म्हणाल्या होत्या, "माझ्या मानेतलं यंत्र काढ."

"का? त्रास होतोय?"

"काहीच होत नाही. हाच त्रास आहे. पाटणकर जाऊन पाच महिने झाले अस्लम, आणि मला रडू आलेलं नाही."

नवरा गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला होता. मग दुधावर झाकण ठेवलं होतं. तेराव्याला आलेल्या माणसांना त्यांनी आग्रह करकरून वाढलं. लोक म्हणाले, बाई धीराची. नणंद शकू मात्र मोरीपाशी कुजबुजली, "धीराची कसली, दगड आहे नुसता." ते त्यांनी ऐकलं होतं. त्याचंही काही वाटलं नव्हतं.

"सांग बघू, दाबरक्षक काय करतो?" त्यांनी विचारलं होतं.

अस्लम हसला. "तोंडी परीक्षा का? मानेतल्या धमनीजवळ बसतो. दाब चढू लागला की शेजारच्या दाबसंवेदकांना डिवचतो. मग ते मेंदूला तिखटमीठ लावून सांगतात, दाब फारच चढला. मेंदू घाबरतो, हृदयाला सबुरीनं घ्यायला लावतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाब चढायच्या आधीच खाली."

"आणि आपल्याला दुःख झालंय हे मेंदूला कसं कळतं?"

"छाती धडधडते, गळा दाटतो, कानशिलं तापतात. शरीराकडून अशी वर्दी आली की..." अस्लम बोलता बोलता थांबला.

"आणि वर्दीच दाबून टाकली तर?"

हे यंत्र बसवलेली दोन लाख माणसं गावोगाव शांतपणे जगत होती, आणि त्यांच्या शांतपणाबद्दल संस्थेकडे आभाराची पत्रं येत होती.

कुमुदबाईंनी हे यंत्र हौसेनं केलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी डॉक्टर घरी यायचे ते लाकडी पेटी घेऊन. झाकण उघडलं की पाऱ्याची नळी ताठ उभी राहायची. आईच्या दंडावर कापडी पट्टा गुंडाळून डॉक्टर रबरी फुगा दाबायचे, फुस्स, फुस्स, आणि पारा चढताना बघायला सगळी पोरं गोळा व्हायची. मीठ कमी करा, फिरायला जा, झोप काढा, असं डॉक्टर दर वेळी सांगायचे. आई हो म्हणायची आणि पापडाचं पीठ कुटायला बसायची. एका दुपारी ती त्या पिठावरच आडवी झाली. माणसांच्या हातून पथ्य होत नाही, तर ते काम यंत्रानं करावं, एवढाच कुमुदबाईंचा विचार होता.

"नियम ठाऊक आहे ना?" अस्लमनं चाचरत विचारलं होतं.

"माझाच आहे तो."

इचलकरंजीच्या एका सराफानं हट्टानं यंत्र काढून घेतलं होतं. नातू झाल्याची बातमी आली, तो धावत जिना चढला आणि शेवटच्या पायरीवर कोसळला. वर्षानुवर्षं चढ न सोसलेल्या धमन्या एका आनंदानं फुटल्या. त्यानंतर कुमुदबाईंनी नियम लिहिला. आधी माणसानं पथ्यानं, स्वतःच्या बळावर, दाब खाली आणून दाखवायचा. तसा आणला, तरच त्याला स्मरणचाचणीला बसवायचं. चाचणीत यंत्राला विराम द्यायचा आणि माणसाच्या काळजाला हात घालील असं काहीतरी अचानक समोर ठेवायचं. तेव्हाही दाब मर्यादेत राहिला तर यंत्र काढायचं. मर्यादा ओलांडली तर यंत्र आपोआप सुरू.

मग बाई पथ्याला लागल्या. यंत्र असताना त्यांचीही सगळी शिस्त सुटली होती. लोणचं, पापड, रात्रीची जागरणं, सगळं परत आलं होतं. आता ज्वारीची भाकरी, अळणी वरण, भरपूर भाज्या. पहाटे कृष्णेच्या घाटावरून वाळूपर्यंत चालणं, संध्याकाळी संथ श्वासाचा सराव, दिवेलागणीनंतर चहा नाही, दहाला अंथरूण. कंटाळाही आला नाही, बरंही वाटलं नाही. दात घासावेत तसं त्या ते करत राहिल्या. दाब मात्र उतरत गेला, आणि आज संध्याकाळी अस्लमनं आकडा दोनदा तपासला.

"बाई, पहिली पायरी तुम्ही सहज पार केलीत. आता विराम देतो."

त्यानं कळ दाबली. मानेत काही जाणवलं नाही. मग त्यानं कोपऱ्यातल्या मेजावरचं झाकलेलं ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि वरचा रुमाल काढला.

वरण-भात, दोडक्याची भाजी, भाकरी. आणि ताटात जिथे सगळ्यात आधी मीठ वाढतात, त्या जागी लिंबाची फोड.

बाईंना रक्तदाब निघाला त्या आठवड्यापासून पाटणकर रविवारी स्वतः ताटं वाढू लागले होते. "मिठाची जागा रिकामी ठेवू नये, अन्न रुसतं," असं म्हणून तिथे ते लिंबाची फोड ठेवत. स्वतःही अळणीच जेवत, आणि मग शेजारच्या कुलकर्ण्यांकडे जाऊन कैरीचं लोणचं चाटून येत. मिशीला लागलेला खार त्यांना कधी पुसता आला नाही. अस्लम विद्यार्थी असताना कितीतरी रविवार त्या पंगतीला होता.

बाईंनी फोड उचलली. तिच्यातल्या बिया सुरीच्या टोकानं काढलेल्या होत्या. ते असंच करायचे.

आधी कानशिलं तापली. मग घशाशी काहीतरी येऊन अडलं आणि छातीत इतकं धडधडलं की त्यांनी मेजाची कड धरली. "अहो," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि मग त्या मोठ्यानं रडल्या, लहान मूल रडतं तशा, फोड मुठीत धरून. पडद्यावरचा आकडा चढत होता. अस्लम त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मर्यादा आली. मानेत बारीक गुणगुण झाली.

हुंदका अर्ध्यावर थांबला. बाईंनी गालाला हात लावून पाहिलं. गाल ओला होता, कुणी पाणी शिंपडावं तसा.

"माफ करा बाई," अस्लम डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही पास व्हाल."

"पुन्हा कधी बसता येतं? तीन महिन्यांनी ना?"

"हो. पण पथ्य सुटलं आणि दाब वाढला, तर विराम देता येणार नाही."

"सुटणार नाही."

"मग पुढच्या वेळी नक्की व्हाल पास."

"पास कोण होतं रे?" बाईंनी विचारलं. "ताट बघून ज्याला काही होत नाही, तोच ना?"

अस्लमनं विचारलं, "म्हणजे... यंत्र काढायचं नाही?"

"तू आपलं ताट वाढत जा. दर वेळी हेच वाढ. फोडीच्या बिया विसरू नकोस."

त्यांनी मुठीतली फोड वरण-भातावर पिळली आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली. वरण अगदीच अळणी होतं. त्यांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि पिशवी खांद्याला लावली.

"बसा की थोडं बाई, चहा सांगतो."

"नको. झोप बिघडली तर उद्या चालणं व्हायचं नाही."