अंड्यांचा नवस

फाय दोन्ही हात पुढे करून आजीसमोर उभी राहिली, आणि जिने सहा वर्षं या पोरीला कडेवरून खाली उतरू दिलं नव्हतं ती आजी भाताची टोपली उचलून, तिला वळसा घालून, खांबांवर उभ्या घराच्या पायऱ्या उतरून चालती झाली.

"आजी, घे ना गं."

म्हातारीने मागे वळूनही पाहिलं नाही. फायचा खालचा ओठ बाहेर आला. ओट्यावर कुणाचा तरी पाण्याचा पंप उघडून बसलेल्या तिच्या बापाने, बुनथानने ते पाहिलं आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. हात ग्रीसने माखलेले. तसेच लावले तर पोरीची जखम चिघळायची. धुवायला जावं तर तोवर ती रडणार, आणि रडली तर गळ्याखालून पोटापर्यंत आलेल्या त्या ताज्या शिवणीवर ताण येणार... फार रडू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांचं काय जातंय सांगायला? तो हात धुऊन येईपर्यंत फाय रडलीच.

हृदयाची एक झडप जन्मापासून अरुंद होती, ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मोकळी करून आणली, इथपर्यंतचं सगळं त्याने निभावलं होतं. माणूस खरा वैतागतो तो घरी आल्यावर. काखेत हात घालून पोरीला उचलायचं नाही, छातीचं हाड अजून जुळायचं आहे, तेव्हा खालून, तान्ह्या बाळासारखं उचलायचं. आणि बघायला येणारी गावातली प्रत्येक बाई दारातच म्हणणार, आली का गं माझी राणी, आणि थेट काखेत हात घालणार! बुनथान ओरडायचा. बायका रागावून पायऱ्या उतरायच्या आणि खाली गेल्यावर त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या की बायको गेल्यापासून माणूस फार चिडका झालाय.

हृदयावर ताण नको म्हणून पाणीही मोजून द्यायचं होतं. जमीन भेगाळलेली, कुत्री खांबांच्या सावलीत जीभ काढून पडलेली, आणि सहा वर्षांच्या पोरीला सांगायचं की आता संध्याकाळी. ती रांजणापाशी सापडायची, ओला फडका चोखताना सापडायची. मग म्हणायची, तू वाईट आहेस, मी आजीला सांगेन. सांगायला जायची आणि आजी उठून विणायला बसायची.

हेच त्याला कळत नव्हतं. घर सासूचं होतं. त्या मुलखातल्या रीतीप्रमाणे लग्नानंतर तो बायकोच्या घरी राहायला आला होता, आणि दोन वर्षांपूर्वी बायको, रुंगनपा, तापाने गेली तेव्हा सासू आणि घरजावई समोरासमोर उरले, मध्ये कुणी नाही. सासूने, फेंगसीने, त्यानंतर त्याला नावाने हाक मारली नव्हती. "फायच्या बापाला सांग, दार लाव." तेही त्याच्याच तोंडावर. भात भिजवण्यापासून कोंबड्या कोंडण्यापर्यंत दोघांचं कशावरही वाजायचं. पण पोरीच्या बाबतीत म्हातारीत खोट नव्हती. दवाखान्यात ती बाकावरून हलली नाही. आणि आता, दोन हात कमी पडत असताना, ही पाहुण्यासारखी वागत होती. पोरीला जवळ झोपवत नव्हती, केस विंचरत नव्हती, तिने मारलेली हाक ऐकत नव्हती.

त्यात फेंगसीचा भाऊ दोनदा येऊन गेला. दोघं घराखाली बसून हळू आवाजात बोलत आणि बुनथान खाली उतरला की हवापाण्याच्या गोष्टी काढत. तेव्हा त्याने आपल्या मनाशी हिशेब जुळवला. मुलगीच राहिली नाही, तर जावयाला कशाला पोसायचं? पोरीची माया आधीच तोडून ठेवली की दोघांना बाहेर काढायला सोपं. अर्धं त्याने बरोबर ओळखलं होतं.

त्या दिवशी फाय रडून रडून झोपी गेल्यावर दोघं जेवायला बसली. तो म्हणाला, "आई, आम्ही नकोसे झालो असू तर सरळ सांगा. मी तिला घेऊन माझ्या गावी जातो. पण पोरीला असं तोडू नका. तिने काय केलंय तुमचं?"

फेंगसीने चिकट भाताचा गोळा वळला होता, तो तसाच हातात राहिला.

"तू कुठे जातोस?" ती म्हणाली. "जाणार मी आहे."

"कुठे?"

"विहारात. डोकं भादरून, पांढरं नेसून. मरेपर्यंत."

मग तिने सांगितलं, तेही भांडल्यासारखंच. फायला आत नेलं त्या सकाळी ती दवाखान्याच्या दारातल्या बुद्धमूर्तीपुढे जाऊन नवस बोलून आली होती, की पोर जगली, तर डॉक्टर ती बरी झाली म्हणतील त्या दिवसानंतर आपण घरात राहणार नाही. भावाला सांगितलं, कारण भातशेती पुढे कुणीतरी बघायला हवी. घर रुंगला द्यायचं होतं, ते आता फायचं, आणि फायच्या बापाला तिथून कोण काढणार? आणि पोरीचं म्हणशील तर एकदम गेले असते तर ती ऊर फुटेस्तोवर रडली असती. म्हणून सवय थोडी थोडी मोडत होते.

बुनथानला राग आवरेना. इतके दिवस हे असं चाललं होतं, आणि त्याला घरात कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

"लोक काय बोलतात, आई? शंभर उकडलेली अंडी बोलतात. डुकराचं मुंडकं बोलतात. फारच झालं तर विहाराच्या पटांगणात एक रात्र गाणी लावतात. तुम्हाला स्वतःशिवाय दुसरं काही सुचलं नाही?"

"रुंगच्या वेळी अंडीच बोलले होते," फेंगसी म्हणाली.

बुनथानने जेवणावरून हात मागे घेतला.

"शंभर अंडी आणि मुंडकं. माझी पोर मरायला टेकली होती आणि मी मनात म्हणत होते, अंडी घरच्या कोंबड्यांची होतील." तिने तो भाताचा गोळा ताटलीत ठेवून दिला. "तिच्या वेळी मी स्वस्तात सुटायला बघितलं, बुनथान. या वेळी नाही."

त्याला सांगायचं होतं की अंड्यांनी काही झालं नाही, ताप डोक्यात गेला होता, आपण न्यायलाच उशीर केला. पण ते ऐकून तिची रुंग परत येणार नव्हती. आणि नवस मोडा असंही त्याला म्हणता येईना. बोललेला नवस फेडला नाही तर तो ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो, हे त्याच्याही हाडात होतं. आत चटईवर ती शिवलेली छाती वरखाली होत होती. ती बघत कोण म्हणेल, मोडा?

मग तो म्हणाला, "मीही बोललो होतो."

"काय?"

"पोर परत मिळाली तर तुमच्याशी जन्मात भांडणार नाही."

फेंगसी म्हणाली, "घरी आलो त्याच दिवशी उशीवरून भांडलास."

"हो."

"मग तो नवस नव्हता. थाप होती."

हसू आलं ते दोघांनाही, पण ते तोंडापर्यंत पोचता पोचता भलतंच काहीतरी झालं. म्हातारीने खांद्यावरच्या शेल्याने डोळे झाकले आणि तो उगीचच पाण्याचा तांब्या शोधायला उठला. उभ्यानेच, पाठ करून म्हणाला, "जायचं तेव्हा जा. पण तोवर तिला घ्या. नंतर रडायची ती रडेल, मी आहे. तिचा राग माझ्यावरच निघू दे, मला त्याची सवय झालीय."

संध्याकाळी फाय उठली तेव्हा आजीने तिला उचललं. अगदी खालून, तान्ह्या बाळासारखं. म्हणजे म्हातारीने सगळं ऐकून ठेवलं होतं तर.

पुढचे दिवस बुनथानला आणखीच जड गेले. फाय दिवसेंदिवस सुधारत होती. ओठांचा निळेपणा गेला, जिना चढून धाप लागेनाशी झाली, ती पाण्यासाठी आता रडत नव्हती, भांडत होती, थेट आजीसारखी. जे बघायला त्याचा जीव आसुसला होता ते दिसलं की आजी जायचा दिवस तो बोटांवर मोजायला लागायचा. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पडद्यावर बघितलं आणि हसून सांगितलं की झडप छान चालते आहे, पाणी हवं तेवढं प्यायचं, शाळेत पाठवा.

"पुन्हा एकदा बघता का?" बुनथान म्हणाला.

त्यांनी पुन्हा बघितलं. छानच होतं.

"काल जरा खोकत होती. आणखी महिनाभर थांबून ठरवलं तर?"

डॉक्टरीणबाई वैतागल्या. लोक पोर बरं व्हावं म्हणून हातापाया पडतात, आणि हा बाप मुलीला आजारी ठरवायला बसलाय! बाजूला फेंगसी उभी होती. ती फायच्या झग्याची बटणं खालून वर लावत गेली आणि शेवटचं लावायला तिने फार वेळ घेतला.

विहारात अर्धं गाव जमलं. त्याच बायका आल्या, ज्यांना त्याने दारातून परतवलं होतं. कात्रीने पहिली बट भावाने कापली, दुसरी फायने. ती कापून झाल्यावर तिने मोठ्याने विचारलं की आजी, केस परत उगवले की घरी येशील ना, आणि मागे बसलेल्या बायका तोंडाला शेला लावून रडल्या. मग वस्तरा फिरला. पांढरं नेसून आजी बाहेर आली तेव्हा ती एकदम लहान दिसत होती, कुणाची तरी धाकटी बहीण असावी तशी.

शीलं, म्हणजे संन्यासाची व्रतं, घेण्याआधी घरच्यांची क्षमा मागायची असते. हे बुनथानने कितीदा बघितलं होतं. पण आपल्यासमोर ती येऊन बसेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फेंगसी गुडघे टेकून त्याच्यासमोर बसली. ओंजळीत फूल आणि मेणबत्ती होती. कायेने, वाचेने, मनाने, जाणता-अजाणता मी तुझं जे वाईट केलं असेल त्याची क्षमा कर, असं म्हणून तिने आपलं भादरलेलं डोकं त्याच्यासमोर जमिनीला टेकवलं.

एवढंच ऐकायला तो किती वर्षं तळमळला होता... रागाने उशी बदडून त्याने हे शब्द तिच्या तोंडी मनातल्या मनात किती वेळा घातले होते! आता ते समोर आले होते. 'केली' एवढंच म्हणायचं होतं. भन्तेजी वाट बघत होते. सगळं सभागृह वाट बघत होतं.

"बोल की रे," खालून, फक्त त्याला ऐकू येईल असा आवाज आला. "गुडघे दुखतायत माझे."

बुनथान तिच्यासमोर पालथा पडला. "केली, आई," तो म्हणाला, "तुम्हीही करा."

फेंगसीला उठता येईना. तिने आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून उभी राहिली. शीलं घेतल्यावर तो हात पुरुषाला लावायचा नव्हता. उभी राहिल्यावर आधाराची गरज उरली नव्हती, तरी तिने तो लगेच काढला नाही.