पाच भरल्या की हात काढायचा

पाय वर घेऊन बसा. ओटी ओली नाही, सकाळीच सारवली आहे; पण वर घेऊन बसलेलं बरं. शेवटची एसटी चुकली म्हणून एवढं अवघडून जाऊ नका. आमच्या वैशाखरे गावात पाहुणा राहिला तर माझ्या आईला आनंदच होतो. वीज आता जेवणं होईपर्यंत येणार नाही. कंदील आहे, पुरे.

मघाशी तुम्ही हसून विचारलंत, की डोळे असताना कोंबड्या अंधारात चाचपून का मोजता? आता त्या निजल्यात. पाचही भरल्या. तर सांगते.

बडोद्याला बालशिक्षणाचं शिकून मी परत आले ते गेल्या साली, दोन हजार एकला. तेव्हा माझ्या बोलण्यात फार जोर होता. न शिकणारं पोर नसतंच, न शिकवलेलं पोर असतं, असं मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीतसुद्धा ठणकावून सांगायची. देवळाच्या मंडपात बालवाडी सुरू केली. पोरं सकाळी कोऱ्या चहावर यायची. त्यांना अधूनमधून अंडं तरी मिळावं म्हणून मला कोंबड्या हव्या होत्या.

गावाच्या शेवटच्या घरात सकुआजी एकटी राहायची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिचा मुलगा धाकलूकाका तिला कायमची कल्याणला न्यायला आला होता, जीप दारात उभी होती. माझं काम साधं होतं. तिच्या पाच कोंबड्या घ्यायच्या आणि घरी यायचं.

"माझ्या पोरी नेशील," आजी कोंबड्यांकडे हात करून म्हणाली, "पन खुराडं पन नेयाला लागंल."

"आजी, मी नवीन बांधलंय. जाळीचं. हवा खेळती राहील."

"तुझ्या हवेला काय करू? त्या याच्यातच निजतात."

जीपमधून धाकलूकाका ओरडला, "आये, चल ना! कोंबड्यांचं काय पुरान लावलंस!"

"तू गप रे. तुला पन मीच निजवलाय."

मग तिनं माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

"दिवेलागणीला कणी टाकायची. 'चला गो पोरींनू, निजा' म्हनायचं. बॅटरी मारायची नाय. हात घालायचा नि हातानं मोजायच्या. पाच भरल्या का हात काढायचा. पुढं चाचपायचं नाय."

"पुढं काय असतं? साप?"

"चावनारं काय नाय गो..."

"आणि सहावी आणली तर?"

ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, बघत राहिली. "पाचच ठेव, नमे."

सागाच्या फळ्यांचं ते जुनं, बुटकं, लांबट खुराडं बाबांनी बैलगाडीतून आणलं आणि पडवीत टाकलं. तळाला भाताचं तूस, पुढं सरकती झडप, झडपेला कडी. मी मात्र कोंबड्यांना माझ्या जाळीच्या घरात घातलं. चार खांबांवर उंच, आत बसायला बांबू, खाली विष्ठा पडायला ट्रे. बाबा म्हणाले, "आमाला पत्रा, नि कोंबड्यांना माडी. शिकलेली पोरगी!"

कोंबड्यांना माडी मानवली नाही. चौघी कुरकुरत आत जायच्या आणि अंधार पडला तरी जाळीवर चोची आपटत राहायच्या. पाचवी काळी होती, तिला मी सावळी म्हणायची; ती माझ्या पायांतून निसटून थेट पडवीतल्या जुन्या खुराड्यात शिरायची. उचलून आणली की एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची आणि पुन्हा जायची. अंडी बंद झाली. बालवाडीत पोरं माझ्या पिशवीत डोकावून बघायला लागली.

"अगो, त्यांचं घर दे त्यांना," आई म्हणाली.

पण मला वाटलं, ही नुसती सवय आहे, आणि सवय मोडता येते. मी बाबांना सांगितलं, उद्या सकाळी ते खुराडं फोडा, आंघोळीचं पाणी तापेल. बाबांनी कुऱ्हाड आणून त्याला टेकवून ठेवली.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. मी अंगणात कणी टाकली, हाका मारल्या. एकही कोंबडी आली नाही. कुंपण बघितलं, आंब्याखाली बघितलं. माळशेजच्या बाजूनं वारा येत होता तो थांबला, आणि मग पडवीतून आवाज ऐकू आला. क्रर्र... क्रर्र... पंखाखाली पिलं घेतलेली कोंबडी करते ना, तसा. माझ्या एकाही कोंबडीला पिलं नव्हती.

मी खुराड्यापुढे बसले. बॅटरी घरात होती. ती आणावी असं का वाटलं नाही, सांगता येत नाही. अर्धी उघडी झडप सरकवली आणि हात घातला. उबदार पिसं. एक. दोन. तीन. चार. सावळी नव्हती. मी हात पुढे नेला.

एव्हाना पलीकडची फळी लागायला हवी होती. खुराडं तेवढं लांब नाहीच. माझा खांदा झडपेला टेकला तरी बोटांपुढे मोकळंच होतं. तुसाचा वास, विष्ठेचा वास, आणि त्यांच्या खालून तिसरा... खोबरेल चोपडलेल्या लहान डोक्याचा.

माझ्या हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं. गार. मऊ. पीस नव्हतं ते.

मी हलले नाही. मग माझ्या तळव्यात हळूच सावळी ठेवली गेली. लहान मूल कोंबडी धरतं तशी, पोटाला घट्ट आवळून, पाय लोंबकळत. आणि ठेवणारं तिथंच थांबलं. मी ती घेऊन जाते का, हे बघत असावं.

मी सावळीला अलगद मागे सरकवलं.

"ठेव," मी म्हटलं. "तुझ्याजवळच ठेव."

दुसऱ्या दिवशी मुरबाडला जाऊन एसटीडी बूथवरून कल्याणला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच आजीनं विचारलं, "हात पुढं घातलास ना?"

"सावळी सापडत नव्हती, आजी. ती... ती माझ्या हातात दिली कोणीतरी."

बूथच्या मीटरवर लाल आकडे पळत होते.

"दिली?" आजी म्हणाली. "मना वाटलं, रडत बसंल. मी नाय तिथं म्हनून..."

"कोण?"

"माझी बाळी."

मग तिनं सांगितलं. धाकलूकाकाच्या आधीची मुलगी. शाळेत नाव घालायचं त्याच साली गोवर निघाला. दुपारी लपायला जायची त्या खुराड्यातच तापात जाऊन निजली. "सकाळी झडप काढली. कोंबड्या भायेर आल्या. ती नाय आली." मग ती म्हणाली, "हाताची बोटं पाच नि कोंबड्या पाच. तेवढंच मोजायला शिकवलं होतं मी तिला. पाच झाले का निजते. हात लावून उठवू नको गो. निजलेलं पोर हाय."

"आजी, भीती नाही ना काही?"

"पाचला थांब. पाचला ती निजते," ती म्हणाली. "म्होरचं मना ठाव नाय."

जुनं खुराडं तिथंच राहिलं. माझ्या माडीवर बाबांनी दोडक्याचा वेल चढवला. पहिल्याच संध्याकाळी मी हात घातला, पाच भरल्या, आणि हात काढताना अंगठ्यावर एक लहानसं गार बोट टेकलं. मग शेजारच्या बोटावर. मग मधल्या. करंगळीपर्यंत आलं, क्षणभर थांबलं आणि सुटलं. आतून श्वास यायला लागला, लहान मूल गाढ झोपतं तसा.

खरं सांगू? त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी होत्या. दिवसभर कितीही डोकं फिरलं असलं तरी दिवेलागणीला माझी बोटं कोणीतरी मोजायचं आणि माझ्या भरवशावर झोपी जायचं. अंडी पुन्हा सुरू झाली. मंडपातली पोरं गुबगुबीत दिसायला लागली. तिच्याच वयाची पोरं, आणि पन्नासपर्यंत घडाघडा म्हणायची.

आणि ही रोज पाचपाशी येऊन थांबायची.

मला ते बघवेना. न शिकणारं पोर नसतं, हे गावभर सांगत हिंडणारी मी, आणि माझ्याच पडवीत एक पोर शाळेच्या दारातून मागे फिरलेलं. एका संध्याकाळी करंगळी झाल्यावर मी हात काढला नाही. दुसराही हात आत घातला आणि हळूच म्हटलं, "सहा."

कोंबड्या एकदम गप्प झाल्या. बोट करंगळीवरच थांबलं होतं. फार वेळ. मग ते बिचकत माझ्या डाव्या अंगठ्यावर आलं आणि दाबलं गेलं.

मी अंधारात हसले. डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास," मी म्हटलं.

हुशार होती. सात, आठ, भराभर. पण त्या दिवसापासून आतून झोपेचा श्वास आला नाही. मी कडी लावून वळले की फळीवर नखानं टक... टक... टक... घोकत असावी. सकाळी झडप काढली की कोंबड्या बाहेर येऊन उन्हातच डोळे मिटायच्या, रात्रभर जागल्यासारख्या.

दहा झाले तेव्हा म्हटलं, "आता पुढचं उद्या गो, बाळी." कडी लावली आणि इथंच, या ओटीवर, पाय खाली सोडून बसले. कंदील होता. खुराड्याची कडी मला इथून दिसत होती. लावलेली होती.

माझ्या पायाच्या अंगठ्यावर गार बोट टेकलं.

टेकून थांबलं. आकड्याची वाट बघत.

कोणती शिक्षिका गप्प बसेल? मी म्हटलं, "अकरा."

आजीला फोन करायला मी धजत नाही. तिला काय सांगू, पोर निजत नाही म्हणून? गेल्या आठवड्यात वीस झाले. माझी बोटं संपली. आता ती रोज या वेळी बाहेर येते, माझं विसावं बोट, पायाची करंगळी, धरते आणि थांबते. मी गप्प बसते. आई-बाबांना ओटीवर येऊ देत नाही; डास आहेत म्हणून सांगते. तुम्ही पाहुणे, तुम्हाला आत चुलीपाशी बसा म्हणणार होते. पण मी येईपर्यंत तुम्ही इथं बसलाही होतात.

ऐकलंत? क्रर्र... ती सावळी.

नाही, उठू नका. मघापासून तुमचा डावा पाय खालीच आहे...

गार लागलं ना? हलू नका. घाबरायचं काही नाही, लहान आहे ती. तिला नवी बोटं सापडलीत, एवढंच. थोडा वेळ वाट बघेल.

फक्त एकवीस म्हणू नका.