अंगठ्याखालची नाडी

बाबांच्या रक्तदाबाला एक गोळी पुरेना, म्हणून डॉक्टरांनी दुसरी जोडून दिली आणि धाकटीला बजावलं, "दोन्ही मिळून हृदयाचे ठोके मंदावतात. आधी नाडी बघायची. पन्नासच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही. जिवावर बेतेल."

धाकटीनं ते देवाच्या शब्दासारखं पाळलं. रोज ती बाबांच्या मनगटावर अंगठा टेकवी. ठोके सत्तरच्या पुढंच. कुठं माशी शिंकत नव्हती.

फक्त वास. चादरी उकळल्या, फरशी फिनाइलनं पुसली, तरी फुलदाणीतल्या नासक्या पाण्यासारखा तो वास तिच्या केसांत, घासात उतरे. बाबांचं मनगट गार, चिकट लागे. अंगठा उचलला की मळलेल्या कणकेत राहावा तसा खळगा राही. ती झटकन हात मागं घेई. मग जन्मदात्याची किळस आली म्हणून ती देवापुढं कान धरी.

बाबांची भूक मात्र दांडगी. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. कुशीवर वळले की आत काहीतरी डचमळे.

तपासणीला सिस्टर आल्या.

"अगं, नाडी अंगठ्यानं का बघतेस?"

"मग कशानं?"

"अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते, बाई! तू तुझेच ठोके मोजत बसलीस की!" हसत हसत सिस्टरनी दोन बोटं बाबांच्या मनगटावर ठेवली.

हसू विरलं. बोटं कोपराच्या खोबणीत गेली, मग गळ्यावर. मग त्यांनी ती रुमालाला पुसली. पुन्हा पुसली.

"सिस्टर, किती?"

सिस्टर उठल्या. चपला हातात घेऊनच त्या जिना उतरल्या.

धाकटी पलंगाचा काठ धरून रडू लागली. ठोके थांबले, आणि आपण गोळ्या देतच राहिलो. आपल्या हातानं आपण बापाला...

"रडतेस काय, वेडे?" पलंगावरून बाबा म्हणाले. "गोळी आण."

"नको, बाबा. गोळ्यांनीच घात केला."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी आ वासला. जीभ उचलली.

जिभेखाली, गालांत, टाळूला गोळ्या चिकटल्या होत्या. हिरवट लव आलेल्या. पहिल्या दिवशी तिनं सुरीनं अर्धी करून दिलेलीसुद्धा.

एकही विरघळली नव्हती.

गोळ्यांनी काहीच केलं नव्हतं.

"दे ना, पोरी," बाबा म्हणाले. आ तसाच होता. जीभ हललीच नाही.