पहिलं पाऊल आबांचं

कारीट आणायला निघालो होतो मी, एवढंच. नरकचतुर्दशीला अंघोळ झाली की अंगठ्याखाली फोडतात ना, ते कडू फळ. आमच्या सूनबाईंच्या मोबाइलवर पिझ्झा मिळतो, पणत्या मिळतात, म्हणाल तर भटजीही मिळतो. कारीट तेवढं मिळेना. मग दिली म्हाताऱ्याच्या हातात पिशवी.

जरा पुढं सरका. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. घाबरणाऱ्याचं तोंड बघायची मला लहानपणापासून हौस, आणि या माझ्या बहिणीच्या ओट्यावर दुसरी करमणूक नाही.

मी धोंडीराम, इथलाच, सायखेड्याचा. चौथीत मास्तरांच्या छत्रीत बेडूक ठेवला, तेव्हापासून शाळेचा आणि माझा संबंध तुटला. पुढं भाजीचा टेम्पो चालवला, पण खरा धंदा लोकांना बनवायचा. एकदा गावात पसरवलं की उद्या गोदावरीच्या घाटावर सिनेमाचं शूटिंग आहे. सकाळी अर्धं गाव पावडर फासून घाटावर हजर, सरपंच तर गॉगल लावून! पण माझा एक नियम होता. ज्याला बनवलं, त्यालाही शेवटी हसू आलं पाहिजे. ते नाही आलं, तर त्याला थट्टा म्हणत नाहीत, दगा म्हणतात.

माझा पोरगा सुयश नाशकात नोकरीला. त्यानं यंदा मखमलाबादच्या पुढं रो-हाउस घेतलं. काल-परवापर्यंत तिथं द्राक्षबाग होती. बिल्डरनं बाग तोडली आणि कमानीवर द्राक्षांचा घड रंगवला. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावतात तसा. यंदाची दिवाळी नव्या घरात करायची, म्हणून मला आणि माझ्या बायकोला, चंद्रभागेला, गावाहून बोलावून घेतलं.

गृहप्रवेश वसुबारसेला. दारात गाय-वासराची पूजा झाली. आमच्यात नव्या घरात आधी गाईचं पाऊल पडतं. पण गाय पायरीकडे वळली आणि आमची सून निकिता आडवी आली. "गाय नको आत, फरशी खराब होईल. पहिलं पाऊल आबांचं. घरातलं मोठं माणूस!" सुयशनं माझ्या गळ्यात हार घातला. चंद्रीनं पायावर पाणी घातलं. नातू रुद्र मध्येच आत पळायला निघाला, तर सुयशनं त्याला असा गपकन धरला की पोराच्या दंडावर बोटं उठली. मला कुठं तेव्हा त्याचं काय वाटतंय! मी फुगलो होतो. जन्मभर या लोकांनी मला समारंभात मागं बसवलं, न जाणो कुणाच्या खुर्चीला खाजकुयली लावीन म्हणून. आणि आज गाईचा मान मला!

मग आपली खोड. उघड्या दाराची कडी वाजवून मी विचारलं, "आहे का कोणी घरात?"

आतून आवाज आला, "या, या... वाटच बघत होतो."

सगळे खो खो हसले. "आबा, काय आवाज काढता हो पोटातून!" मीही हसलो.

आवाज मी काढला नव्हता.

म्हटलं, सुयशनं आत मोबाइल लपवला असेल. बरं वाटलं. पोरगा उशिरा का होईना, बापावर गेला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मी खाली चहा पीत होतो आणि वरच्या खोलीत कोणीतरी खोकलं. माझा खोकला हजारात ओळखू येतो; आधी दोन ठसके, मग एक लांबलचक घरघर, थंडीत जुना टेम्पो चालू होतो तशी. वर तेच. दोन ठसके आणि घरघर. निकिता चकल्या पाडत होती. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून पुन्हा सोऱ्या दाबायला लागली. तिची एकही चकली धड पडत नव्हती.

त्याच संध्याकाळी हे कारीट आणायला निघालो. कॉलनीच्या वळणावर गोजराबाई नावाची बाई झेंडू, केरसुण्या आणि कारीट घेऊन बसली होती. पूर्वी याच बागेत ती खुडणीला यायची म्हणे.

"कुठं राहता बाबा?"

"ती पलीकडची रांग. शेवटचं घर."

"नवीन आलाय?" तिचा हात पिशवीत कारीट टाकता टाकता थांबला. "पहिलं पाऊल कुनाचं पडलं?"

"माझं! हार घालून. गाय उभी होती रांगेत, पण तिचा वशिला कमी पडला."

ती हसली नाही. "कुनी सांगितलं नाय तुम्हाला?"

"काय?"

"ती जागा पहिल्या मानसाला ठेवून घेते बाबा. पहिली दिवाळी सरायच्या आत. बाग व्हती तवाबी तसंच. त्या रांगेत समद्यांना ठाऊक हाय. म्हनून तर म्हातारं मानूस पुढं घालतात."

"ठेवून घेते म्हणजे? मारते?"

"मारती कुठं... ठेवती. तुमच्या पलीकडल्या घरातली आजी अजून खिडकीत दिसती. तिला चहा नेऊन देतात. कप भरलेला तसाच माघारी येतो."

"भाडं तरी घेतात का तिच्याकडून?" मी विचारलं.

गोजराबाईनं पिशवी माझ्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली आणि हात मागं घेतला.

परत आलो तेव्हा दारात आकाशकंदील लागला होता. मी चपला काढल्या. आणि आत, जिन्यावर, चपला वाजल्या. उजवा पाय ओढत. माझा उजवाच पाय ओढतो.

पहाटे अभ्यंगस्नान. बाथरूमच्या दारात पाट टाकून चंद्री माझ्या पाठीला उटणं लावत होती. निकितानं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आबा, या लवकर, पाणी गार होतंय!"

वरून उत्तर आलं, "आलो... आलो..."

चंद्रीचा हात माझ्या पाठीवर थांबला. मी वळून बघितलं. तिनं नजर चुकवली. एवढ्या संसारात ती माझ्यावर ओरडली, लाटणं घेऊन मागं धावली, आठ-आठ दिवस अबोला धरला. पण नजर चुकवली नव्हती कधी.

मी मनात म्हटलं, धोंड्या, खरं काढायचं तर मरावं लागतं. माणूस मेला की बाकीचे खरं बोलतात. हा माझा जुना खेळ. तरुणपणी एकदा मेलो होतो, तेव्हा चंद्रीनं असा हंबरडा फोडला की सगळी गल्ली गोळा झाली. मग उठून बसलो, तर त्याच गल्लीसमोर तिनं मला केरसुणीनं झोडपलं. काय सुख होतं ते!

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी दिवाणावर पडलो. जबडा सैल सोडला, डोळे अर्धवट उघडे, श्वास पोटात कोंडलेला. बाहेर पोरं लवंगी फटाके उडवत होती. जळलेल्या दारूचा वास आणि करंज्यांचा वास एकात एक मिसळून घरभर भरला होता.

आधी निकिता आली. थबकली. "अहो..." तिनं हलक्या आवाजात हाक मारली, "इकडे या जरा."

सुयश आला. माझ्या नाकाशी बोट धरलं. मी वाट बघत होतो, आता हा 'आबा' म्हणून ओरडणार आणि मी त्याचं बोट चावणार.

"झालं वाटतं," तो म्हणाला.

"नक्की?"

"हो... सुटला आपला रुद्र."

निकिता रडायला लागली. ते रडणं कसं होतं सांगू? पोराचा निकाल चांगला लागला की आया रडतात, तसं.

मी अजून मेलेलाच. म्हटलं, चंद्री येऊ दे, ती या दोघांना दाखवेल केरसुणी. चंद्री आली. जवळ बसली आणि दोन बोटांनी तिनं माझे डोळे मिटले. बोटांना वेलदोड्याचा वास होता.

"मी म्हटलं होतं, त्यांना विचारा," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात... आणि मीही गप्प बसले."

तेवढ्यात वर कोणीतरी खोकलं. दोन ठसके... मग ती घरघर...

मी डोळे उघडून उठून बसलो. तिघांपैकी एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. तिघं जिन्याकडे बघत होते. वरून बिडीचा वास खाली येत होता. माझ्याच बिडीचा. आणि बंडल तर माझ्या खिशात होतं.

"भ्यालात ना?" मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? सवय.

कोणी हसलं नाही.

"सुयश," मी म्हटलं, "मला विचारायचंस रे. नातवासाठी मी नाचत आत गेलो असतो. तो हारही मीच आणला असता. पण तू मला बनवलंस."

"तुमच्याशी कधी धड बोलता येतं का आबा?" तो म्हणाला. "मी जीव तोडून सांगितलं असतं, आणि तुम्ही त्यावरही विनोद केला असता."

हे मात्र लागलं. कारण गोजराबाईसमोर मी केलाच होता.

पाडव्याला सकाळी मी पिशवी भरली. चंद्री औक्षणाचं ताट घेऊन, पाट मांडून उभी. डोळे सुजलेले. "अहो, बसा. ओवाळते तुम्हाला... मग कुठं जायचं तिथं जा."

माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, "मला कशाला? वरच्याला ओवाळ. तोच तुझा नवरा आता!"

तोंडातून गेलं. जुनी माणसं सांगतात, घरात बोलताना जपून बोलावं, वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. माझं बोलणं संपलं आणि जिन्यावर चपला वाजायला लागल्या. उजवा पाय ओढत... एकेक पायरी... खाली. मी मागं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं घाबरलेलं तोंड बघायची मला इच्छा झाली नाही. दार ओढून घेतलं. दार लागता लागता आतला पाट सरकल्याचा आवाज तेवढा आला.

रिक्षा करून स्टँड गाठलं, मिळेल त्या गाडीनं इथं बहिणीकडं आलो; आमच्या घराची किल्ली चंद्रीजवळच राहिली. भाऊबीजेला माझ्या या बहिणीनं, मंगलनं, मला ओवाळलं. भाऊबीज गेली, तुळशीची लग्नं लागली. नाशिकहून ना फोन, ना माणूस. मी म्हणायचो, लाजले असतील. येतील. बाप घरातून निघून गेला तर लोक पोलिसात जातात, पेपरात फोटो देतात. मी कुठला फोटो द्यायचा हेही ठरवून ठेवलं होतं, त्या सरपंचाचा गॉगल लावून काढलेला!

परवा गावातला बारकू भेटला. मला बघून त्याचा चेहरा पडला. "आबा, तुम्ही कधी आलात? कालच तर सुयशकडं जाऊन आलो. तुम्ही सोफ्यावर बसला होता. एवढं बोललो, पण तुम्ही एक चेष्टा केली नाही. म्हटलं, शहरात जाऊन आबा सुधारले."

आज दुपारी राहवलं नाही. मंगल इथंच शेजारी सुपात तूर निवडत होती. मी चंद्रीला फोन लावला.

"चंद्रे, मी बोलतोय."

पलीकडे दार हलकेच लोटल्याचा आवाज आला.

"मी उद्या येतो," म्हटलं. "झालं गेलं गंगेला मिळालं. माझा राग गेला आता."

"येऊ नका," ती म्हणाली.

"का गं? रुद्र बरा आहे ना?"

"बरा आहे. दिवसभर आजोबांच्या मांडीवर असतो... उतरतच नाही. सगळं बरं चाललंय." मग आणखी हलक्या आवाजात, "आणि हळू बोला ना जरा..."

"का?"

"आत्ताच कुठं तुमचा डोळा लागलाय."

तिनं फोन बंद केला नाही, तसाच बाजूला ठेवला. मी कान लावून बसलो. पलीकडे कोणीतरी घोरत होतं. आता माणसानं स्वतःचं घोरणं ऐकलेलं नसतं, मी तरी कसं ओळखणार? म्हणून फोन मंगलच्या कानाला लावला. लहानपणी आम्ही भावंडं एकाच गोधडीत झोपायचो, तिला माहीत.

मंगलनं ऐकलं. "तूच रे दादा," म्हणाली आणि हसली. मग हसता हसता थांबली. माझ्याकडे बघत राहिली... पायांपासून डोक्यापर्यंत. मग तिनं सूप उचललं, आत गेली, आणि आतून कडी घातली.