न चुकलेला दिवा

ही गोष्ट २०२४ सालच्या फेब्रुवारीतली. बीड जिल्ह्यातल्या केजच्या स्टँडामागच्या गल्लीत पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या. तेव्हा मूल न झालेल्या बाया लोकांचे टोमणे ऐकत निमूट म्हाताऱ्या होत. आता त्याच गल्लीत डॉक्टर निळकंठांचा दवाखाना होता, दारावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं, आणि गावोगावच्या बाया तिथे आशेनं येत.

भामाबाई पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. लोकांच्या खासगी चौकश्या करत. सोबत आप्पा, एसटीतले जुने कंडक्टर. माणूस भला, डोकं जरा सावकाश चालणारं.

"जयभीम, मावशी." नांदूरघाटच्या शाळेतली आम्रपाली बाई दारात उभी होती. "महिनाभरानं माझं बाळ येणार आहे. ते माझंच आहे का, तेवढं शोधून द्या."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की तिच्या पिशवीत गर्भ टिकणार नाही. म्हणून तिचा आणि नवऱ्याचा गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवायचा. पैसे देऊन पोट भाड्यानं घेणं कायद्यानं बंद, म्हणून कागद काही नाही. आता डॉक्टर म्हणत होते, की तूच इथे बाळंत झालीस असं लिहून सही कर.

"तुझी फाईल?"

"दवाखान्यातच ठेवतात. मागितली तर म्हणाले, विश्वास नसेल तर बाळ दुसऱ्याला देऊ. मी गप्प बसले."

तिच्या मोबाइलमध्ये सोनोग्राफीच्या एका कागदाचा फोटो तेवढा होता. सुंदरबाई, वय एकतीस, आठवा महिना, बाळाचे ठोके उत्तम. त्या बाईला आम्रपालीनं एकदा काचेआडून पाहिलं होतं. चांगलं भरलेलं पोट होतं.

भामाबाई आधी डॉक्टरांकडे गेल्या.

"गर्भ मी स्वतः सोडला," डॉक्टर म्हणाले. "दर महिन्याला मी स्वतः तपासतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

तेवढ्यात आयाबाई जेवणाचा डबा घेऊन जिना चढली.

"वर कोण असतं?"

"कुणी नाही. सामानाची खोली आहे."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "सामान जेवतं व्हय, बाई?"

"बरं विचारलंत," भामाबाई म्हणाल्या.

मग दवाखान्याचा दलाल पप्पू. तो लातूर शहरात वाढलेला. चहाच्या टपरीवर गाठल्यावर घाबरला.

"मी निस्ती बाई आणली, मावशी. मुकादमाला म्हणलं, दोन लेकरांची, दणकट बाई दाव. त्यानं हिचं नाव दिलं. म्हणला, पाच वर्सं ऊसतोडीला येती, पर एकबी खाडा न्हाई. एक दिस घरी बसली न्हाई. अशी बाई मिळती कुठं?"

शेवटी सुंदरबाई. मूळची नेकनूरकडची, यंदा तोडीला गेली नव्हती. दवाखान्यामागच्या खोलीत जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. पाहुणे दिसताच भरल्या पोटानिशी चटकन उठली, जमिनीला हातही न टेकवता, आणि पाणी घेऊन आली.

"जपतात का तुला?"

"लई जपत्यात. सहा महिने झालं, कोयता हातात न्हाई."

कोनाड्यात देवीच्या फोटोपुढं दिवा तेवत होता.

"रोज लावतेस?"

"रोज सकाळी. पाच वर्सं झाली, एक दिस चुकला न्हाई. फडावर बी फोटो संगं नेते."

"दुसरं कुणी लावतं का कधी?"

"न्हाई. माझ्याच हातानं."

आप्पांनी हात जोडले. "काय भाव आहे पोरीचा!"

परतताना भामाबाईंनी फक्त विचारलं, "आप्पा, तुमच्या घरी सूनबाई दिवा रोज लावते?"

"लावते की. अडचणीचे चार दिवस सोडून." आप्पा बोलून गेले, आणि तरीही त्यांना काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. भामाबाईंनी सरकारी डॉक्टरीणबाई आणि पोलीस बरोबर आणले होते.

"आमच्या बौद्धांच्या घरात विटाळ पाळत नाहीत," भामाबाई म्हणाल्या. "म्हणून पाळणारे मला लगेच दिसतात. एकतीस वर्षांची बाई, देवाधर्माची. दुसऱ्या कुणी दिवा लावायचा नाही आणि पाच वर्षांत एक दिवस चुकायचा नाही, हे कसं? तोडीवर बायका पाळीत घरी बसल्या की मुकादम दंड लावतो. ज्यांचा खाडा पडत नाही, त्यातल्या किती जणींची पिशवी काढलेली असते, हे बीडमध्ये लेकरालाही ठाऊक आहे. पप्पू शहरातला, त्याला वाटलं बाई दणकट आहे."

पप्पूनं कपाळाला हात लावला. "मला कावून सांगितलं न्हाई कुणी?"

"आठव्या महिन्याची बाई हात न टेकवता उठत नाही. ते पोट बांधलेलं आहे. आता दलाल फसू शकतो, डॉक्टर नाही. आत काहीच नाही, हे पहिल्याच तपासणीत दिसतं. तुम्ही तर दर महिन्याला स्वतः तपासता." त्या वळल्या. "डॉक्टर, हिला पिशवीच नाही. मग आम्रपालीचा गर्भ तुम्ही सोडला कुठे?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. पोलिसानं त्यांना पुन्हा बसवलं.

"आणि कागदावरचे ठोके? ते वरच्या जेवणाऱ्या सामानाचे."

वरच्या खोलीत सारजा सापडली. ऊसतोडीच्या टोळीतली विधवा, आठवा महिना, तोंड लपवून राहिलेली. बाळ आश्रमात जाईल असं तिला सांगितलं होतं. ती कुणापुढं यायला तयार नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरं पोट लागत होतं.

सुंदरबाईनं पदराआडून कापडाची गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"डॉक्टर म्हणले, गप ऱ्हा. मी ऱ्हायले. सव्विसाव्या वर्सी पिशवी काढली माझी, तिसऱ्या दिशी मोळ्या उचलल्या. इथं पोटुशी म्हणून सगळी मला बसा म्हणत हुती."

आम्रपालीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "माझे गर्भ?" एवढंच तिनं विचारलं.

दवाखान्यातली गर्भ ठेवायची टाकी उघडली. तिच्या नावाची एकही नळी नव्हती. वहीतही तशी नोंद नव्हती. गर्भ कधी तयारच केले नव्हते.

डॉक्टर निळकंठ तीन महिन्यांत जामिनावर सुटले. दुसऱ्या जिल्ह्यात, बायकोच्या नावाच्या पाटीखाली, बसतात म्हणे. पप्पू माफीचा साक्षीदार झाला, तारखा पडताहेत. सारजाला मुलगी झाली. तिनं ती जवळ ठेवली आणि माहेर तोडलं. भामाबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, "बाई, फाईल मागायला लाजू नको. देत नसतील तर तिथून ऊठ." आप्पा आता भाविक बाई दिसली की हात जोडण्याआधी थांबतात.

आम्रपालीनं दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं आहे. तिची फाईल आता तिच्या कपाटात आहे. आत दोनच कागद निघाले, गर्भाचा एकही नाही.

सुंदरबाई पुन्हा ऊसतोडीला जाते. फडावर पाचटाच्या कोपीत देवीचा फोटो आहे. दिवा अजून एक दिवसही चुकलेला नाही.