फुकटातली निळी बॅग

कल्याणी धायरीला सॅम्पल फ्लॅट बघायला एकटीच गेली होती. तिच्या मागोमाग आत शिरला एक उंच मुलगा, खांद्यावर भडक निळी बॅग. सेल्समन यज्ञेश्वरनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि सुरूच केलं, "या सर, या मॅडम! ही तुमची मास्टर बेडरूम."

"अहो, आम्ही..." कल्याणी कानापर्यंत लाल झाली.

"जरा लहान वाटते, नाही गं?" मुलगा अगदी गंभीरपणे म्हणाला.

काय हा आगाऊपणा! पण तिला हसू आवरेना. "ही असली बॅग ठेवल्यावर लहानच वाटणार!"

"क्रेडिट कार्डावर फुकट मिळाली. पुणेकर आहे मी... फुकट सोडतो होय?"

त्याचं नाव आयुष. हिंजवडीतल्या एकाच आयटी पार्कात दोघांची ऑफिसं निघाली. मग काय, चहा झाला, बाईकवरून घरी सोडणं झालं, वर्षभरात साखरपुडाही झाला. बाईकवर दोघांच्या मध्ये ती बॅग असायची. कल्याणीनंच एक दिवस ती उचलून पाठीवर घेतली, तेव्हा आयुषनं अख्खा सिंहगड रोड बाईक वीसच्या स्पीडनं चालवली.

त्याच इमारतीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी दोघांनी मिळून कर्जाचा अर्ज केला. बँकेतल्या मॅडमनी चष्म्यावरून आयुषकडे पाहिलं. "यांचं सगळं चोख आहे. तुमचा सिबिल स्कोअर मात्र पार झोपलाय. जुन्या कार्डाची थकबाकी. तुमचं नाव असेल तर कर्ज नाही."

कल्याणी आयुषकडे वळली. "कुठलं कार्ड रे?"

"ते... बॅगवालं." आयुषची मान खाली. "एकदाही वापरलं नाही, मग वर्षाची फी कसली? तत्त्व म्हणून नाही भरली. त्यांचे फोन यायचे, मी उचललेच नाहीत."

"आज भरली तरी स्कोअर सुधारायला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या.

बाहेर पार्किंगमध्ये तो हळूच म्हणाला, "अर्जातून नाव काढ माझं. आणि... आयुष्यातूनही काढावंसं वाटत असेल, तर आत्ताच सांग."

"फ्लॅट गेला खड्ड्यात!" ती उसळली. "अवघड झालं की तू फोन उचलत नाहीस. उद्या आपलं भांडण झालं, की माझाही उचलणार नाहीस?"

त्यानं मोबाईल काढला, कार्डवाल्यांचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. कंटाळवाणी धून वाजत राहिली... वाजतच राहिली. ऊन चटके देत होतं, तरी तो हलला नाही. शेवटी पलीकडून कुणीतरी बोललं.

"मी आयुष. हो, इतके दिवस टाळत होतो. चूक माझीच. सगळं भरायचंय मला. सांगा, कसं भरू?"

त्याचे कान लालबुंद झाले होते. कल्याणीचा राग विरघळला. तिला तो फार फार आवडला. तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

तिच्या एकटीच्या पगारावर एकच बेडरूम बसत होती, तीही पाण्याच्या टाकीसमोरची. चालेल, म्हणाली ती.

बुकिंगच्या दिवशी यज्ञेश्वरनं पेन सरसावलं. "मॅडम, सरांचं नाव?"

"कागदावर नको."

यज्ञेश्वर बावरला. आयुष दारात बॅगेचा पट्टा कुरवाळत उभा होता.

"कागदावर नको, म्हटलं," त्याच्याकडे बघत कल्याणी हसली. "सर राहायला येणार आहेत. ती बॅग घेऊन."